औषधाचा उजेड

पोटात गोळा येणं हा माझ्या नोकरीचा नियमित भाग होता. सकाळी मानसरोवरहून स्कूटर काढायची, टोंक रोडच्या गर्दीतून हॉस्पिटल गाठायचं, प्रयोगशाळेचं दार उघडायचं आणि फ्रिजचा थर्मामीटर पाहायचा. पारा जागेवर असेल तर गोळा जरा खाली सरकायचा. तोवर पहिला नमुना यायचा आणि गोळा पुन्हा आपल्या जागी.

माझा नातू जयपूरचाच. त्याचं मराठी आमच्या घरात आणि हिंदी बाकी सगळीकडे. परवा तो म्हणाला, "आजी, मतलब तू रंग निवडायची नोकरी करायचीस? फक्त निवडायची?" मी हो म्हटलं. त्याला ते काम फार आरामाचं वाटलं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. आमच्या ह्यांची बँकेतून जयपूरला बदली झाली, मीही मागोमाग आले, आणि एका मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या कर्करोगाच्या तपासण्या करणारं नवं यंत्र येणार म्हणून मला घेतलं. गोष्ट दोन हजारच्या पुढच्या वर्षांतली. पंचेचाळिशीची होते, मिरजेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं, आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती. त्या बाईला आज रस्त्यात भेटले तर मी ओळख दाखवणार नाही.

यंत्राचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रक्तातल्या किंवा हाडातल्या मगजातल्या पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकामागून एक सोडायच्या. वाटेत त्यांच्यावर लेझरचा निळा किंवा लाल झोत पडतो. पेशी कुठल्या घराण्यातली हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ठरतं, पण त्या खुणा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक खुणेला जाऊन चिकटेल असं एक द्रव्य घ्यायचं, अँटिबॉडी म्हणतात तिला, आणि तिच्या शेपटीला एक चमकणारा रंग बांधलेला असतो. झोत पडला की रंग उजळतो. पुढे चार खिडक्या असतात. हिरवा उजेड पहिल्या खिडकीत, नारिंगी दुसऱ्या, गडद लाल तिसऱ्या, आणि लाल लेझरवर पेटणारा चौथीत. कुठल्या खिडकीत किती उजेड आला, त्यावरून पेशीचं घराणं सांगायचं. रक्ताच्या कर्करोगात मुख्य घराणी दोन, लिम्फॉइड आणि मायलॉइड. दोघांची औषधं वेगळी. घराणं चुकलं तर उपचार चुकला.

कुठल्या खुणेला कुठला रंग बांधलेली बाटली मागवायची, हे ठरवणं माझं काम. इथे माझ्या शहाणपणाची पहिली गंमत. सगळ्यात झगझगीत रंग नारिंगी, प्रयोगशाळेत त्याला पीई म्हणतात. मी विचार केला, चांगलं दिसायला हवं ना, मग सगळ्या महत्त्वाच्या खुणांना झगझगीत रंगच घेऊ. लग्नाला निघालेली बाई सगळे दागिने अंगावर घालते, तशी मी ट्यूब सजवली. पण रंगांना शिस्त नसते. पीईचा उजेड शेजारच्या खिडकीत सांडतो. किती सांडला ते मोजून वजा करावं लागतं, आणि सांडलेलं फार असलं तर वजाबाकीतही गोंधळ होतो. माझं पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्या रुग्णाच्या प्रत्येक पेशीवर प्रत्येक खूण होती.

आमचे विभागप्रमुख भार्गव सर मागे उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "इस आदमी को सारी बीमारियाँ एक साथ हैं क्या?"

मग शिकले. भरपूर असलेल्या खुणेला फिका रंग चालतो, ती तशीही मिरवते. लाजऱ्या, मोजक्याच असलेल्या खुणेला भडक रंग द्यायचा. आणि ज्या दोन खुणा एकाच पेशीवर भेटणार, त्यांना सांडणारे शेजारी रंग द्यायचे नाहीत. लिहायला तीन वाक्यं लागली. अंगात मुरायला दोन उन्हाळे गेले.

उन्हाळ्याचं नाव निघालं म्हणून सांगते, काही रंग जोडीचे असतात. एक रंग प्रकाश घेतो आणि चिकटलेल्या दुसऱ्याला देतो, दुसरा तो बाहेर टाकतो. उष्णतेने किंवा उजेडाने ही जोडी तुटते, आणि मग पहिला रंग स्वतःच्याच नावाने भलत्या खिडकीत चमकायला लागतो. जयपूरच्या मे महिन्यात दिल्लीहून येणारी बर्फाची पेटी हातात पडली की मी तिला कान लावायचे. आत पाणी डुचमळलं तर त्या रात्री जेवण जायचं नाही. हे विचारायचे, "कोण गेलं?" मी सांगायचे, "अजून कळलं नाही."

तऱ्हेवाईक लोकही भेटले. जौहरी बाजारातले एक रत्नांचे व्यापारी दर काही महिन्यांनी तपासणीला यायचे. नीलम त्यांना लाभत नाही, असं त्यांच्या ज्योतिषाने सांगितलेलं. कुणीतरी त्यांना सांगितलं की आमच्या यंत्रात निळा झोत आहे. ते थेट माझ्यापुढे हात जोडून उभे. "बहनजी, मेरे खून पर नीला मत डालिए. लाल डाल दीजिए, माणिक मुझे सूट करता है." मी त्यांना समजावलं की झोत पेशींवर पडतो, त्यांच्यावर नाही, आणि पेशी तपासणीनंतर फेकून देतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "फेंक देते हैं? तो ठीक है. नुकसान उसका हुआ." मी हसले, पण त्यांचा रिपोर्ट करताना त्या दिवशी दोनदा तपासला. भीती सांसर्गिक असते.

माझ्या स्वतःच्या भीतीने मला एक खोड लावली होती. प्रत्येक रुग्णाची एक ट्यूब मी कुठलाही रंग न घालता चालवायचे. नुसत्या पेशी. ती ट्यूब काळोखी यायला हवी, म्हणजे बाकी ट्यूबमधला उजेड रंगाचाच, दुसऱ्या कशाचा नाही, एवढी खात्री. कुलूप लावून झाल्यावर तीनदा ओढून बघणाऱ्यांतली मी. आमचे जुने तंत्रज्ञ सुमेरजी यावर तोंडसुख घ्यायचे. "मॅडम की खाली ट्यूब आ गई. इसमें कुछ नहीं है, यह देखने के लिए मशीन चलाते हैं हम." मी म्हणायचे, "सुमेरजी, तुमच्या लग्नाच्या वरातीत घोडीही आधी रिकामीच फिरवली होती ना?" ते म्हणायचे, "हाँ, और अकल होती तो वहीं से लौटा देता."

आता प्रज्ञाचं सांगते. हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

यंत्रावर माझी दहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सुमेरजींनी आत येऊन सांगितलं, "मॅडम, आपकी तरफ़ के लोग आए हैं बाहर." जयपुरात 'आपकी तरफ़' म्हणजे नागपूरपासून कोकणापर्यंत काहीही. बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शेजारी रेल्वेचे गार्ड वानखेडे, त्यांचे यजमान, उभेच. मूळ अकोल्याकडचे, बदलीने जयपूरला आलेले. मुलगी प्रज्ञा, अठराची, कोट्याला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला ठेवलेली. तिथे ताप आला, अंगावर काळेनिळे डाग उठले, रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. आदल्याच संध्याकाळी तिला गाडीने जयपूरच्या दुर्गापुरा स्टेशनावर उतरवून आमच्याकडे आणलं होतं. सकाळी मगजाचा नमुना काढला होता.

"जयभीम, ताई," आई म्हणाल्या. "तुम्ही मराठी हा ना? मंग बरं झालं. मले याइचं इंग्रजी हिंदी काही समजत नाही, कोन काय म्हनते तर."

मीही जयभीम म्हटलं, काळजी करू नका म्हटलं, आणि आत आले. काळजी करू नका हे मी नेहमी दुसऱ्यांना सांगायचे.

नमुना अगदी थोडा आला होता. मगज कधीकधी निघतच नाही. मी रंग वाटले, ट्यूबा भरल्या, सुमेरजींनी यंत्र चालवलं. पडद्यावर चित्र आलं ते दोन्ही घराण्यांचं. लिम्फॉइडची खूण होती, आणि नारिंगी खिडकीत मायलॉइडच्या सगळ्या खुणा लखलखत होत्या. अशा मिश्र घराण्याचा आजार क्वचित असतो, आणि तो फार वाईट असतो. उपचार करणारे शेखावतसाहेब संध्याकाळपर्यंत उत्तर मागत होते, कारण मुलीकडे वेळ नव्हता. भार्गव सर म्हणाले, "मिक्स्ड लिख दीजिए, क्लियर है."

क्लिअर होतं खरं. तेच मला खुपत होतं. प्रत्येक पेशी इतक्या एकमुखाने नारिंगी कशी? लाजऱ्या खुणाही तितक्याच, मिरवणाऱ्याही तितक्याच. मला माझं ते पहिलं, सगळे दागिने घातलेलं चित्र आठवलं.

"सर, एक ट्यूब बाकी आहे," मी म्हटलं.

सुमेरजींनी रंग नसलेली ट्यूब लावली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

ती ट्यूब नारिंगी आली. गडद लालही आली. पेशींना आम्ही काहीच घातलं नव्हतं, आणि त्या पेटल्या होत्या.

त्या क्षणी माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट रुग्णाची नव्हती, हे लिहायला हरकत नाही. मला वाटलं, यंत्र गेलं. मग वाटलं, यंत्रात रंग साचला आणि सकाळपासूनचे सगळे रिपोर्ट चुकले. सुमेरजींनी यंत्र धुतलं, दुसऱ्या एका रुग्णाच्या बिनरंगी पेशी लावल्या. काळोख. तिसऱ्याच्या लावल्या. काळोख. पुन्हा प्रज्ञाच्या लावल्या. दिवाळी.

"लड़की ही चमक रही है, मॅडम," सुमेरजी म्हणाले. या वेळी थट्टा नव्हती.

मी बाहेर गेले. काय विचारायचं तेही धड ठाऊक नव्हतं. डोळ्यांच्या तपासणीत शिरेतून एक चमकता रंग देतात, तो हिरवा. हा हिरवा नव्हता. मी आईंना विचारलं, मुलीने काय खाल्लं, काय प्यायली, कुठलं काढा-चूर्ण दिलंत का. त्या नाही नाही म्हणत राहिल्या. वानखेडे भिंतीकडे पाहत होते. मग आई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, एक गोष्ट इचारू? रात्रीपासून पोरीले लघवी लाल होऊन राह्यली. रगत हाय का थे?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "लाल म्हणजे कशी? नारिंगीकडे झुकणारी?"

"हो, तशीच."

"कोट्याला तिला सलाईनमधून लाल औषध दिलं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कर्करोगाचं एक औषध असतं, लालभडक, त्याने लघवी लाल होते. रक्त नसतं ते. आणि ते औषध पेशींच्या आत शिरून बसतं आणि निळ्या झोतात स्वतःच पेटतं. नारिंगी आणि गडद लाल, नेमक्या त्याच दोन खिडक्यांत. मी हे कधीतरी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं, कारण औषध सुरू झाल्यावर पहिला नमुना कुणी पाठवत नाही.

"एक डावच देल्ला त्याइनं," आई म्हणाल्या. "डॉक्टर म्हने, थांबता येत नाही, पेशी लय वाढल्या. आमी घाबरलो, पोरीले घेऊन निघून आलो. पन इथं सांगतलं नाही. मोठे डॉक्टर चिडतात ना ताई, पह्यले दुसऱ्याकडं गेलतो म्हनलं का. माह्या भासऱ्याले, याइच्या मोठ्या भावाले, असंच हाकलून देल्लं होतं एका ठिकानी. म्हनून आमी पोरीलेही म्हनलं, बोलू नोको."

"पण बाई—"

"तुम्ही आपले मानसं, म्हनून तुमाले सांगतलं. साहेबाले सांगू नोका."

मी मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते मलाच सांगता येणार नाही, आणि त्या वेळी मला तेच सोयीचं होतं.

आत येऊन, पेशी कशाने पेटल्या हे कुणाला न सांगता, हिशेब मांडला. चार खिडक्यांपैकी दोन औषधाने बळकावलेल्या. उरल्या दोन, पहिली आणि चौथी, हिरवी आणि लाल लेझरवाली. नमुना उरलेला दोन ट्यूबांपुरता. आणि कपाटातल्या बहुतेक मायलॉइड खुणा मीच हौसेने नारिंगी रंगात मागवलेल्या. शहाणी बाई!

हिरव्या रंगात एक खूण होती. मायलॉइड घराण्याची सगळ्यात खरी खूण, पण ती पेशीच्या पोटात असते, आणि हिरवा रंग फिका. म्हणजे लाजरी खूण आणि फिका रंग, माझ्याच नियमाच्या उलट. ती दिसली नाही तर नाही म्हणायचं, की रंग कमी पडला म्हणायचं? दुसरा नमुना काढायचा तर मुलीच्या हाडात पुन्हा सुई, आणि आणखी एक दिवस.

मी बराच वेळ बाटल्या हातात घेऊन उभी होते. भार्गव सर म्हणाले, "क्या सोच रही हैं?" मी म्हटलं, "सर, नाही म्हणायला साक्षीदार शोधतेय."

साक्षीदार प्रज्ञाच्याच नमुन्यात होता. आजारी पेशींच्या गर्दीत तिच्या थोड्या निरोगी पेशी अजून शिल्लक होत्या, आणि त्या मायलॉइड घराण्याच्या. रंग काम करत असेल तर त्या हिरव्या पेटायलाच हव्यात. त्या पेटल्या आणि शेजारच्या आजारी पेशी काळ्या राहिल्या, तर नाही म्हणजे खरंच नाही.

पहिल्या ट्यूबमध्ये हिरव्यात ती खूण आणि लाल लेझरवर लिम्फॉइडची खूण घातली. दुसरीत लिम्फॉइडच्याच आणखी दोन खुणा. सुमेरजींनी ट्यूब लावली. मी पडद्याकडे न पाहता त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "देख लीजिए. मैं क्यों देखूँ आपका."

मूठभर निरोगी पेशी हिरव्या. आजारी पेशींचा अख्खा ढग काळा. आणि तोच ढग चौथ्या खिडकीत लिम्फॉइडच्या खुणेने लख्ख. दुसऱ्या ट्यूबनेही तेच सांगितलं. मिश्र नव्हतं. साधा, ओळखीचा, औषधाला ऐकणारा लिम्फॉइड आजार होता.

मला रडू यायला हवं होतं, पण मला फक्त भूक लागली.

रिपोर्ट घेऊन मी शेखावतसाहेबांकडे गेले. रागीट म्हणून त्यांची ख्याती होती. वाटेत बाकावर वानखेडेबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रिपोर्ट देऊन परत फिरले असते तर कुणाला काही कळलं नसतं. घराणं बरोबर होतं, उपचार बरोबर झाला असता. पण ते लाल औषध हृदयावर बसतं. माणसाला आयुष्यात किती द्यायचं याला मर्यादा असते, आणि दिलेलं वजा न करता साहेब पहिल्यापासून देणार होते.

मी सांगितलं. कोटा, लाल औषध, लपवलं का, सगळं.

ते चिडले, पण माझ्यावर. "यह आप सुबह नहीं बता सकती थीं?" मग बाहेर गेले. मी दारातून पाहिलं. ते वानखेड्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोटा वाले डॉक्टर ने ठीक किया था. उनका नंबर है?" वानखेड्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. एवढंच झालं. कुणी कुणाला हाकललं नाही.

पण आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग समोरच्या भिंतीकडे. मी अजून ती नजर विसरलेले नाही.

उपचार लांबलचक चालतो या आजाराचा. प्रज्ञाचे केस गेले, आले, तोंड आलं, ताप आले. दर वेळी नमुना माझ्याकडे यायचा, आणि त्याआधी पोटातला गोळा. प्रज्ञा माझ्याशी बोलायची. मोडक्या मराठीत विचारायची, "आंटी, आज कोणते कलर टाकणार? माझी लाल खिडकी खाली झाली ना?" तिच्यासाठी मी पेशींची चित्रं काढून दाखवायचे. तिच्या आई शेजारी बसून भिंत पाहायच्या. मी नमस्कार करायचे. त्या मांडीवरची पिशवी बाकावरच्या रिकाम्या जागेवर ठेवायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एकदा वानखेडे भेटले, म्हणाले, "ताई, ती म्हनते, ज्याइले आपलं म्हनलं त्याइनंच सांगतलं. समजावलं लय. आयकत नाही." मी म्हटलं, "त्यांचं काही चुकलं नाही." घरी येऊन ह्यांना विचारलं, मी न सांगता भागलं असतं का? हे म्हणाले, "तू गप्प राहिली असतीस, तर तुझ्या पोटातला गोळा मला उचलावा लागला असता."

मी निवृत्त होण्याच्या बेतात असताना उपचार संपले आणि शेवटची तपासणी आली. तोवर नवं यंत्र आलं होतं, रंगही जास्त. आता शोध लाखो पेशींत लपलेल्या चार-दोन आजारी पेशींचा होता. मी रंग निवडायला अख्खी दुपार घेतली. त्या पेशी असतील तर पडद्यावर कुठल्या कोपऱ्यात येतील हे मला पाठ होतं. सुमेरजी निवृत्त होऊन गेले होते, त्यामुळे टोमणा मारायला कुणी नव्हतं. यंत्र चालत राहिलं. ठिपके जमत गेले, निरोगी पेशींचे ढग आपापल्या जागी बसले. तो कोपरा मी पाहत राहिले. तिथे काहीच आलं नाही.

रिपोर्ट आधी साहेबांकडे जातो, हा नियम. मी बाहेर बाकाकडे गेले.

"वानखेडेबाई," मी म्हटलं, "काही सापडलं नाही. एकही पेशी नाही."

त्या भिंतीकडेच पाहत होत्या. मग म्हणाल्या, "साहेबाले सांगतलं?"

"नाही अजून. आधी तुम्हाला."

त्यांनी पदराने नाक पुसलं.

"मंग जा ना, सांगा त्याइले. मी काय तुमाले धरून ठेवलं?"

असं म्हणत त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी रिकाम्या झालेल्या जागेवर बसले. साहेबांना थोड्या वेळाने सांगितलं.